फायबर बॉडीच्या किट कारमध्ये दर पावसाळ्यात पाणी येतंय? रबर बदलण्याआधी दार तपासा

जूनचे पहिले मोठे पाऊस पडले की घरी किट कार (सुटे भाग आणि फायबरची बॉडी जोडून स्वतः बांधलेली गाडी) बांधलेल्यांच्या तक्रारी सुरू होतात, आणि दरवर्षी त्या त्याच असतात. दाराचं रबर मागच्याच वर्षी नवीन घातलं होतं, तरी पायाखालचं कार्पेट ओलं. हायवेला गाडी सत्तरच्या पुढं गेली की काचेच्या वरच्या कोपऱ्यातनं शिट्टी वाजते. दार लावताना मागचं टोक उचलून धरावं लागतं, नाहीतर लॉक लागत नाही. मग बाजारातनं आणखी जाड रबर येतं, त्यावर सिलिकॉनचा थर चढतो, आणि पुढच्या जूनला पुन्हा तेच.

या तिन्ही तक्रारी एकाच दुखण्याच्या आहेत. दार उतरलेलं असतं. रबराचं काम फक्त ठरलेला गाळा, म्हणजे दार आणि बॉडीमधली फट, भरायचं. गाळाच जर वर ४ मिमी आणि खाली १४ मिमी असा वेडावाकडा झाला असेल, तर जगातलं कुठलंही रबर दोन्हीकडं नीट बसणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही जाणत्या फॅब्रिकेटरला असं दार दाखवा. तो रबराला हात लावायच्या आधी दाराचं टोक धरून उचलून बघेल. "दार लोंबतंय साहेब, रबर काय करणार?" हे उत्तर ठरलेलं आहे, आणि ते बरोबर आहे.

कारखान्यातनं आलेल्या पत्र्याच्या दारात हा त्रास इतका का नसतो, हे समजून घेतलं की निम्मं काम झालं. स्टीलच्या मानानं साध्या मॅट (काचेच्या तंतूंची चटई) आणि पॉलिस्टर रेझिनचं फायबर जवळजवळ पंचवीस ते तीस पट लवचीक असतं. त्यातनं आपल्या बऱ्याच बॉडींची दारं ३-४ मिमी जाडीची, आत चौकट नाही, आणि बिजागरी सरळ फायबरला चार बोल्टनी आवळलेली. आता हिशेब मांडा. काच, काचेची मशीन, लॉक आणि आतलं पॅनेल धरून दार १८ किलोचं समजू. त्याचा भार बिजागरीपासून ४५ सेंमीवर येतो. दोन बिजागऱ्यांमधलं अंतर ३० सेंमी असेल, तर वरची बिजागरी २७ किलोच्या ओढीनं खांबापासून सुटू बघते आणि खालची तेवढ्याच जोरानं खांबात रुतते. हेच अंतर २० सेंमी केलं तर ओढ ४० किलोच्या वर जाते. गाडीतनं उतरताना कुणी दाराच्या मागच्या टोकावर हात टेकून २० किलो भार दिला, तर बिजागरीपासूनचं ते अंतर ९० सेंमी धरून ३० सेंमीच्या जोडीवरसुद्धा आणखी ६० किलो ओढ येते. ही सगळी ओढ चार बोल्टांच्या वॉशरखालच्या फायबरवर.

सतत भार असला की पॉलिस्टर फायबर हळूहळू दबत जातं, आणि उष्णतेत जास्त. एप्रिल-मेच्या उन्हात गडद रंगाची गाडी दिवसभर उभी राहते तेव्हा दार उतरायचं काम गुपचूप चालू असतं. पाऊस फक्त ते दाखवतो. म्हणून सगळ्यांना वाटतं की रबर पावसाळ्यात खराब झालं.

आधी दुखणं कुठं आहे ते शोधा

गाडी सपाट जागेवर, चाकांवर उभी करा. जॅकवर घेऊन दाराचं काम करू नका. चालकाच्या सीटवर माणूस बसलेला असला तर उत्तम, कारण गाडी चालताना भार तिथंच असतो.

दार अर्धं उघडा, मागच्या टोकाला खालून हात घालून वर उचला. मदतीला कुणाला तरी बिजागरीवर बोट ठेवायला सांगा. इथंच तीन वेगवेगळी दुखणी वेगळी होतात. पिनमध्ये खेळ असेल तर बिजागरीची दोन पानं एकमेकांत हललेली बोटाला कळतात. पिन आणि बुश बदला, काम स्वस्तात झालं. पिन घट्ट आहे पण बिजागरीभोवतीचं दाराचं फायबर फुगतंय-दबतंय, तर दाराला चौकट हवी. दार घट्ट आहे पण खांबच हलतोय, तर दारात कितीही लोखंड भरा, उपयोग शून्य. या तिसऱ्या प्रकाराकडं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. बिजागरीचा खांब नुसत्या फायबरचा असेल तर त्याच्या आत ५-६ मिमीची लोखंडी प्लेट घालून ती खाली चासीच्या पाइपला जोडलीच पाहिजे.

चौथं दुखणं चासीचं. दार बंद करून दाराच्या मागच्या फटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजून ठेवा. मग पुढच्या एका चाकाखाली जॅक लावून चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचला आणि परत मोजा. फट २-३ मिमीनं बदलली तर चासी पिळतेय किंवा बॉडी माउंटचं (बॉडी चासीवर जिथं टेकते त्या जोडाचं) रबर मेलंय. टपाशिवायच्या उघड्या गाड्यांत हे हमखास असतं. अशा वेळी दार मजबूत केलंत तर उलटं होईल: पिळणाऱ्या चौकटीत ताठ दार अडकेल आणि लॉकजवळचं फायबर तडकेल. आधी चासीचा बंदोबस्त, मग दार.

गाळा कुठं किती आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. मुलांच्या खेळण्यातली रंगीत क्ले घ्या. जुनं रबर पूर्ण काढा, दार जिथं बसतं त्या बॉडीच्या चौकटीवर साधारण हातभर अंतरानं क्लेच्या गोळ्या प्लास्टिकच्या कागदावर चिकटवा आणि दार लॉक होईपर्यंत लावा. उघडून प्रत्येक दबलेल्या गोळीची जाडी व्हर्नियरनं मोजा आणि तो आकडा तिथंच चौकटीवर मार्करनं लिहा. आकड्यांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर रबर विकत घ्यायची वेळ अजून आलेली नाही. माझ्या मते हे एक काम मनापासून केलं तरी निम्म्या गाड्यांचं पाणी थांबेल, कारण मग माणूस अंदाजानं रबर आणत नाही.

दाराच्या आतली चौकट

बिजागरीपासून लॉकपर्यंत लोखंडाचा सलग रस्ता असला पाहिजे. बिजागरीच्या बाजूला ५ मिमीची उभी प्लेट, तिच्यावर नट वेल्ड केलेले. लॉकच्या बाजूला ३ मिमीची प्लेट. आणि दोन्ही जोडणारा २५ मिमीचा चौकोनी पाइप, दीड-पावणेदोन मिमी जाडीचा. काचेच्या पट्ट्याच्या उंचीवर एक आडवा, तळाशी एक आडवा, आणि एक तिरका.

तिरक्याची दिशा चुकवू नका. शेताच्या लाकडी फाटकाला जसा तिरका टेकू खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या टोकाकडं जातो, तसाच इथला पाइप जायला हवा. तो दाबात काम करतो. पाइपऐवजी पातळ पट्टी वापरायची असेल तर उलट दिशा घ्या: वरच्या बिजागरीपासून खाली लॉकच्या कोपऱ्याकडं, कारण पट्टी ओढीत टिकते, दाबात वाकते. काचेच्या मशीनची आणि खाली येणाऱ्या काचेची जागा आधी पुठ्ठ्यावर कापून बघा, नाहीतर तिरका नेमका काचेच्या वाटेत येतो.

बिजागऱ्या शक्य तितक्या लांब ठेवा. दोन्ही पिना एका ओळीत आहेत का हे बघायला पिना काढा आणि दोन्ही भोकांतनं एकच सरळ सळई घाला. सळई सहज गेली पाहिजे. ती ठोकून घालावी लागत असेल तर दार उघडताना प्रत्येक वेळी फायबर पिळलं जातंय.

चौकट टॅक मारून (ठिकठिकाणी थोडं कच्चं वेल्ड करून) दारात बसवा, दार गाडीवर लावा, सगळ्या फटी जुळवा, आणि मगच पूर्ण वेल्डिंगला बाहेर काढा. वेल्डिंगचा ताण चौकट ओढतो, म्हणून समोरासमोरच्या सांध्यांना आलटून पालटून थोडं थोडं वेल्ड करायला सांगा. फायबरजवळ वेल्डिंग अजिबात नको. रेझिन पेट घेतं.

आता चौकट फायबरला जोडायची. पॉलिस्टर रेझिन लोखंडाला मनापासून चिकटत नाही. वर्षभरात सुटतं आणि खडखड सुरू होते. पाइप ग्राइंडरनं चकचकीत करून एपॉक्सी वापरा, किंवा पॉलिस्टरच वापरायचं तर मॅट पाइपभोवती पूर्ण गुंडाळून दोन्ही बाजूंना ५-६ सेंमी दारावर न्या, म्हणजे पाइप मॅटच्या कवेत अडकून बसेल. दाराच्या आतली बाजू ४० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडून धूळ काढल्याशिवाय मॅट टाकू नका. पाइप बाहेरच्या कातडीला थेट टेकवू नका. रेझिन सुकताना आकसतं आणि बाहेरून रंगावर पाइपची रेघ उमटते. मध्ये पीयू फोमची पट्टी ठेवा. थर्मोकोल चालणार नाही, पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीननं ते विरघळतं.

कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारं औषध) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडू शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळून घ्या, हार्डनर सगळ्यात शेवटी, साधारण १ ते २ टक्के. दारात डोकं घालून काम करताना मास्क आणि चष्मा हवाच, आणि शेडची दारं उघडी ठेवा. जमलं तर हे काम मार्च-एप्रिलमध्ये उरका. जुलैच्या दमट हवेत पॉलिस्टर उशिरा सुकतं, वरचा थर चिकट राहतो, आणि ओलसर मॅट पांढरी पडते. पावसातच करायची वेळ आली तर मॅट आदल्या दिवशी बल्बखाली सुकवून ठेवा.

तिरका पाइप दार लोंबू नये म्हणून आहे. धडकेत तो वाचवेल असं गृहीत धरू नका. पाइपची टोकं मात्र बिजागरी आणि लॉकच्या प्लेटवरच संपू द्या, बसलेल्या माणसाच्या बरगडीकडं तोंड करून सुटं टोक ठेवू नका. दाराचा आकार किंवा गाडीची रुंदी बदलेल असं काही करणार असाल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही.

आता रबर

दार टांगलं, क्लेचे आकडे एकसारखे आले, की मग बाजारात जा. ईपीडीएमचं (एक प्रकारचं कृत्रिम रबर) स्पंज रबर घ्या, बाजूला पोकळ फुगा आणि खाली पत्र्याचा कणा असलेली पकड. ऊन आणि पाऊस दोन्ही सोसण्यात साधं काळं रबर त्याच्या जवळपासही येत नाही. फुगा दार लावल्यावर साधारण तिसरा हिस्सा ते ४० टक्के दबला पाहिजे. गाळा १० मिमी असेल तर १५-१६ मिमीचा फुगा. जाड घेतला तर जास्त पाणी अडेल हा समज सोडा. फार जाड फुगा दाराला बाहेर ढकलतो, लॉकवर ताण येतो, आणि दाराचा वरचा कोपरा बाहेर वाकून तिथनंच पाणी येतं.

किट कारची खरी अडचण पकडीत आहे. ही रबरं १ ते ४ मिमी जाडीच्या पत्र्याच्या कडेसाठी बनतात. आपल्या फायबरची कड एके ठिकाणी ३, दुसरीकडं ६ मिमी. जाड जागी पकड तोंड उघडून बसते आणि पहिल्या गरमीत सुटते. पूर्ण कड घासून एकसारखी ३ मिमी करा, उघड्या पडलेल्या तंतूंवर रेझिनचा हात फिरवा, सुकू द्या, मग रबर. कोपऱ्याची गोलाई फार टोकदार असेल तर फुगा तिथं चपटा होतो. ती गोलाई घासून मोठी करणं हाच उपाय.

बसवायला सुरुवात तळाच्या मध्यावरनं करा, म्हणजे जोड तळाला येईल. रबर ओढून ताणून बसवू नका. ताणलेलं रबर काही आठवड्यांत आकसतं आणि कोपऱ्यातनं सुटतं, तिथनंच शिट्टी. उलट प्रत्येक हातभर लांबीला किंचित जास्त रबर आत दाबत जा आणि शेवटी अर्धा-पाऊण सेंमी जास्त ठेवून कापा. जोडाला फेविक्विकसारखा गोंद चालतो. फुग्याला बारीक भोकं असतात ती बुजवू नका, दार लावताना आतली हवा तिथनंच बाहेर पडते.

सिलिकॉनबद्दल एकच सांगतो. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते लोखंडाच्या जवळ लावू नका, गंज धरतो. आणि सिलिकॉन लागलेल्या जागेवर नंतर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे ठिपके येतात. जिथं पुन्हा रंगकाम व्हायचं आहे तिथं सिलिकॉन नकोच.

दारात पाणी शिरणारच

चांगलं दार, चांगलं रबर, तरी कार्पेट ओलं. असं असेल तर पाणी दाराच्या पोटातनं येतंय. काच वर-खाली होते तिथलं बेल्ट रबर पाणी पूर्ण अडवत नाही, कारखान्याच्या गाडीतही नाही. तिथं पाणी दाराच्या आत उतरतं आणि तळाच्या भोकांतनं बाहेर पडतं. आतल्या पॅनेलमागं चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा ते पाणी गाडीच्या आत बसायच्या जागेत येऊ देत नाही. घरी बांधलेल्या गाड्यांत बहुतेक वेळा ना भोकं असतात ना पडदा, किंवा चौकट बसवताना मॅटखाली भोकं बुजलेली असतात. दार हलवून बघा, आत पाणी खळखळलं तर निदान झालं.

दाराच्या तळाला सगळ्यात खोल जागी, बाहेरच्या रबराच्या बाहेर पडतील अशी ८-१० मिमीची दोन-तीन भोकं पाडा. तळाच्या पाइपमागं पाणी साठत असेल तर पाइपच्या दोन्ही बाजूंना भोक हवं. जाड प्लास्टिकचा कागद ब्युटाइल टेपनं चारी बाजूंनी चिकटवा आणि त्याचं खालचं टोक दाराच्या आत सोडा, म्हणजे कागदावरनं ओघळलेलं पाणी पोटातच पडेल. चौकटीच्या पाइपना, एपॉक्सी लावायच्या जागा सोडून, आत घालण्याआधी प्रायमर आणि रंग दिलेला असला पाहिजे, पाइपची टोकं बंद.

बसती (वर-खाली न होणारी) काच असेल तर तिचं रबर दोरी ओढून बसवतात ते सगळ्यांना माहीत आहे: रबर काचेला घालायचं, खाचेत नायलॉनची दोरी, साबणाचं पाणी, बाहेरून एकानं दाबायचं, आतून दुसऱ्यानं दोरी ओढायची. चुकतं ते खाचेच्या मापात. एक खाच काचेच्या जाडीची आणि दुसरी फायबरच्या कडेच्या जाडीची, दोन्ही मोजून रबर घ्या. काच टफन केलेली (तापवून कडक केलेली) आणि आयएस २५५३ चा शिक्का असलेलीच घ्या, आणि मापाचा प्लायवूडचा साचा करून द्या, कारण टफन झाल्यावर काच कापता येत नाही. काचेऐवजी पॉलीकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिक) वापरणाऱ्यांनी बोल्टची भोकं सैल ठेवावीत. एक मीटरचा तुकडा ४० अंशांच्या फरकात अडीच मिमीच्या वर वाढतो.

शेवटची तपासणी पाइपच्या पाण्यानं करा. सुरुवात तळापासून, पाण्याचा जोर कमी, आत एकजण बॅटरी घेऊन. एका पातळीवर काही मिनिटं पाणी धरूनच वर सरका. वरनं सुरुवात केली तर ओघळ सगळीकडं जातो आणि गळतीची जागा कळत नाही. त्यानंतर गगनबावड्याच्या रस्त्याला एक फेरी मारा. ओल्या घाटातली वळणं, ब्रेक आणि खड्डे बॉडीला जेवढं पिळतात, तेवढं शहरात कधी होत नाही. घरी आल्यावर वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढून बघा, सगळ्या बाजूंनी. पट्टी सगळीकडं सारखीच अडखळत निघाली पाहिजे. बिजागरीचे बोल्ट त्याच दिवशी परत आवळा.

रबरावर ग्रीस किंवा डिझेलचा फडका फिरवायची सवय असेल तर बंद करा, ईपीडीएम तेलात फुगून मऊ पडतं. नवीन रबराला लॉक काही दिवस कडक लागतं. स्ट्रायकर (बॉडीवरची, लॉक अडकतं ती कडी) लगेच बाहेर सरकवू नका. दारं बंद ठेवून गाडी आठवडाभर उन्हात उभी राहू द्या, फुगा आपल्या जागी बसला की मग स्ट्रायकर एकदाच जुळवा.